‘ऑटिझममध्ये असंच असतं’ या उत्तरावर थांबू नका

ऑटिझम असलेल्या मुलाचे आई-वडील माझ्यासारख्या जनरल फिजिशियनकडे ऑटिझमच्या उपचारासाठी सहसा येत नाहीत. त्यासाठी बालविकासतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, स्पीच थेरपिस्ट असतात. माझ्याकडे ते येतात ताप उतरत नाही म्हणून, खोकला थांबत नाही म्हणून, किंवा मुलगा आता बावीस वर्षांचा झाला आणि बालरोगतज्ज्ञांनी ‘आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा’ असे सांगितले म्हणून. मग बोलता बोलता बाकीचे बाहेर येते. पाच-पाच, सहा-सहा दिवस पोट साफ होत नाही. रात्री दोन-तीनपर्यंत झोप नाही. गेले दोन महिने स्वतःच्याच गालावर चापट्या मारून घेतो. ‘हे कुणाला दाखवलंत का?’ असे विचारले की उत्तर जवळजवळ ठरलेले असते. ‘दाखवलं होतं मॅडम. ऑटिझममध्ये असंच असतं म्हणाले.’

या एका वाक्याने आपल्याकडच्या ऑटिस्टिक मुलांचे आणि मोठ्या माणसांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे फार थोड्या गोष्टींनी केले असेल, असे माझे मत आहे. फाईलवर ‘ऑटिझम’ हा शब्द एकदा लिहिला गेला की त्यानंतर होणारा प्रत्येक त्रास त्याच शब्दाच्या खात्यावर जमा केला जातो. पोट दुखले तरी ऑटिझम, झोप उडाली तरी ऑटिझम, रडला तरी ऑटिझम. वैद्यकशास्त्रात या सवयीला ‘डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग’ असे नाव आहे. एका निदानाची सावली एवढी मोठी पडते की तिच्याखाली दुसरे आजार दिसेनासे होतात.

ऑटिझम मुळापासून घालवणारे औषध आज जगात कुठेही नाही. मात्र ऑटिझमसोबत येणाऱ्या बऱ्याच आजारांवर उपचार आहेत. त्यातले काही अगदी स्वस्त आहेत आणि तालुक्याच्या गावीही मिळतात. ज्यावर इलाज नाही त्यासाठी लाखो रुपये खर्च करायचे आणि ज्यावर इलाज आहे ते ‘असंच असतं’ म्हणून सोडून द्यायचे, असा उलटा कारभार मी अनेक घरांत बघते. म्हणून हा लेख.

थोडे ऑटिझमविषयी

ऑटिझम म्हणजे मेंदूची जडणघडण वेगळ्या प्रकारे होणे. ती जन्माच्या आधीपासूनच सुरू झालेली असते, लक्षणे मात्र साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान लक्षात येतात. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन केले, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. इतरांशी संवाद साधण्यातल्या आणि मिसळण्यातल्या अडचणी, त्याच त्या कृती किंवा आवडी, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, आवाज, उजेड, स्पर्श यांबाबत कमी-जास्त संवेदनशीलता या त्याच्या खुणा. एक शब्दही न बोलणारे मूल आणि इंजिनिअर होऊन नोकरी करणारा माणूस हे दोघेही या एकाच वर्णपटावर असू शकतात. साधारण शंभरात एक असे हे प्रमाण धरले जाते.

मराठीत आपण याला ‘स्वमग्नता’ म्हणतो. मला हा शब्द फारसा आवडत नाही. त्यातून असे वाटते की हे मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला इतरांची गरज नाही. माझ्या पाहण्यातल्या कित्येकांना माणसे हवी असतात, त्यांच्याशी नाते कसे जोडायचे ते जमत नाही, आणि त्याचे दुःखही होते. असो.

आईचे लक्ष कमी पडले म्हणून किंवा मोबाइल दिला म्हणून ऑटिझम होत नाही. लसीमुळेही होत नाही. गोवराच्या लसीशी त्याचा संबंध जोडणारा १९९८ सालचा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ साली पुन्हा एकदा सिद्ध झाले की असा संबंध नाही. त्यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

तो एकटा क्वचितच येतो

ऑटिझम असलेल्या दहांपैकी साधारण एकाला फिट येण्याचा आजार, म्हणजे अपस्मार असतो. इतर लोकांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. तीन-चारांपैकी एकाला अतिचंचलता आणि लक्ष न लागणे, म्हणजे एडीएचडी. किमान पाचांपैकी एकाला उपचार लागावेत इतकी चिंता. निम्म्याहून अधिक मुलांना झोपेचा त्रास. साधारण एक-तृतीयांश मुलांत बौद्धिक अक्षमता. त्याशिवाय बद्धकोष्ठता, खाण्याच्या टोकाच्या आवडीनिवडी, दातांचे दुखणे, आणि वय वाढले की वजन, रक्तदाब, मधुमेह.

गंमत म्हणजे ही सावली केवळ घाईत असलेल्या डॉक्टरांच्या मनात नव्हती, पुस्तकांतही होती. मानसिक आजारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन नियमावलीत २०१३ पर्यंत स्पष्ट लिहिलेले होते की ऑटिझमचे निदान झालेल्या मुलाला एडीएचडीचे निदान द्यायचे नाही. चंचलता ऑटिझमचाच भाग समजायची. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो नियम काढला. तुमच्या मुलाची फाईल त्याआधीची असेल आणि तो आज मोठा झाला असेल, तर हा प्रश्न तज्ज्ञांना पुन्हा विचारण्यात काहीच गैर नाही.

हा विषय किती गंभीर आहे ते आकड्यांत सांगते. स्वीडनमध्ये ऑटिझमचे निदान झालेल्या सुमारे २७ हजार लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात मृत्यू पावलेल्या ऑटिस्टिक व्यक्तींचे सरासरी वय ५४ होते, तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांचे ७०. बौद्धिक अक्षमताही असलेल्यांचे तर ४० च्या आसपास. घाबरून जाऊ नका, प्रत्येक ऑटिस्टिक माणूस एवढेच जगतो असा याचा अर्थ नाही. पण कारणे बघा. बौद्धिक अक्षमता असलेल्यांत अपस्मारासारखे मेंदूचे आजार पुढे होते. नसलेल्यांत हृदयविकार आणि आत्महत्या. ही सगळी सोबत येणाऱ्या आजारांची नावे आहेत.

नवीन काय घडले?

कुठल्याही वयाच्या ऑटिस्टिक व्यक्तीचे वागणे अचानक बदलले, तर पहिला प्रश्न हा विचारायचा. ऑटिझम तिसऱ्या वर्षीही होता, दहाव्या वर्षीही होता. मग गेल्या महिन्यापासूनच हा डोके का आपटू लागला? ऑटिझम तर महिन्याभरात बदललेला नाही. मग बदलले आहे ते दुसरे काहीतरी, आणि ते शोधायचे असते. शोधायला सुरुवात शरीरापासून करावी.

तुमचा-माझा दात दुखला तर आपण दात दुखतो म्हणून सांगतो. ज्याला शब्द नाहीत, किंवा शब्द आहेत पण ‘दुखणे’ म्हणजे नेमके कुठले संवेदन ते ओळखता येत नाही, तो काय करेल? गालावर मारेल. हनुवटी टेबलावर घासेल. आवडीची पोळी नाकारून फक्त दूधभात मागेल. पोटात दुखत असेल तर टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभा राहील. छातीत जळजळत असेल तर रात्री आडवे व्हायलाच तयार होणार नाही. कान ठणकत असेल तर कानावर हात मारेल, आणि आपण म्हणू की याला आवाज सहन होत नाही.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सतरा वर्षांचा मुलगा, न बोलणारा. तीन महिन्यांत आक्रमक झाला होता, आईच्या हाताला चावल्याचे वण होते. झोपेचे आणि शांत करणारे औषध दोनदा वाढवून झाले होते. तो दिवसभर पेंगत होता, पण जागा झाला की पुन्हा तेच. ‘चावणे जेवणाच्या वेळी जास्त होते का?’ असे मी विचारले तेव्हा आई जरा थांबली आणि म्हणाली, ‘हो, जेवणाआधी आणि जेवताना.’ त्याने माझ्यासमोर तोंड उघडले नाही. दंतवैद्यांनी भूल देऊन तपासले तेव्हा मागच्या दोन दाढा मुळापर्यंत किडलेल्या आणि एका मुळाशी पू. दाढा काढल्या. पुढच्या सहा आठवड्यांत मानसोपचारतज्ज्ञांनी वाढवलेले औषध टप्प्याटप्प्याने पहिल्या मात्रेवर आणले. तो आजही ऑटिस्टिक आहे, आजही बोलत नाही. आईला चावत नाही.

प्रत्येक वेळी उत्तर इतके सरळ मिळत नाही, हेही खरे. पण दात, कान, घसा, पोट, लघवी, त्वचा, मुलींत मासिक पाळी, एवढे बघितल्याशिवाय ‘वर्तनसमस्या’ हा शब्द कुणीही लिहू नये. मुलगी असेल तर दोन-तीन महिने कॅलेंडरवर वाईट दिवसांना खूण करा. खुणा पाळीच्या आधीच्या दिवसांतच येत असतील तर अर्धे निदान तुम्हीच केलेत.

पोट आणि ताट

बद्धकोष्ठतेबद्दल जरा सविस्तर सांगावे लागेल, कारण ही सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत जास्त फसवते. चार-पाचच पदार्थ खाणारे मूल, पाणी कमी, शौचालयाची भीती, आणि शौचाची भावना ओळखण्यातली अडचण. मळ आत साठून दगडासारखा होतो. मग त्या दगडाच्या बाजूने पातळ मळ झिरपतो आणि चड्डी खराब होऊ लागते. घरच्यांना वाटते जुलाब होत आहेत. जुलाब थांबवायचे औषध दिले जाते आणि आतला दगड आणखी घट्ट होतो. किंवा वाटते की शिकलेली सवय मोडली, मुद्दाम करतो, आणि मुलाला मार बसतो. मोठे होऊनही चड्डी खराब होत असेल तर आधी डॉक्टरांना पोट तपासायला सांगा. मळ मऊ करणारी औषधे मिळतात आणि ती नीट दिली तर लागू पडतात. मात्र चार दिवसांत पोट साफ झाले म्हणून थांबवायची नसतात. ताणलेले आतडे पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. तेवढा धीर धरा.

खाण्याबद्दल. काही मुले विशिष्ट रंगाचे, विशिष्ट कुरकुरीतपणाचे, एकाच कंपनीच्या पुड्यातलेच पदार्थ खातात. हे लाडाने बिघडणे नव्हे, तोंडात घास घोळताना त्यांना जे जाणवते ते आपल्याला जाणवत नाही. पण शरीराला कारण कळत नाही. दिवसाला लिटरभर दूध आणि बिस्किटे यांवर वाढणाऱ्या मुलाचे हिमोग्लोबिन घसरते. लोह कमी झाले की रात्री पाय वळवळतात, झोप मोडते, चिडचिड वाढते, माती-खडू खाणे सुरू होते. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्यावे. फळ-भाजी वर्षानुवर्षे पोटात न गेलेल्या ऑटिस्टिक मुलांना स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. स्कर्व्ही, म्हणजे जुन्या काळी जहाजावरच्या खलाशांना व्हायचा तो आजार. मूल चालायचे थांबते, हिरड्यांतून रक्त येते, मेंदूचे आणि मणक्याचे फोटो काढले जातात, आणि कमी असते ते क जीवनसत्त्व.

म्हणूनच ग्लुटेन आणि दूध बंद करण्याच्या फॅशनवर माझा राग आहे. या आहाराने ऑटिझम सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. ज्या मुलाच्या यादीत मुळात पाच पदार्थ, त्यातले पोळी आणि दूध आपण काढून घेतो. खरोखर सीलिअॅक आजाराची, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराची शंका असेल तर त्याची रक्ततपासणी असते, आणि ती मूल गहू खात असतानाच करावी लागते. आधी गहू बंद करून मग तपासणी केली तर निकाल चुकीचा येऊ शकतो. बाकी भाकरीची गोडी लागली तर उत्तमच, ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतेच, पण ती औषध म्हणून नव्हे.

फिट

ऑटिझममध्ये फिट सुरू होण्याची वये साधारण दोन, लहानपण आणि पौगंडावस्था. म्हणजे दहा वर्षे काही झाले नाही म्हणून पुढे होणार नाही असे नाही. हातपाय झाडणारी मोठी फिट कुणीही ओळखते. चुकते ती छोटी. मूल काही सेकंद एकटक बघते, तोंड चावल्यासारखे हलते, हातातली वस्तू गळते, मग काही झालेच नाही असे पुढे चालू. ‘तो आपल्याच तंद्रीत असतो’ असे म्हणून हे वर्षानुवर्षे सोडले जाते. तंद्रीतल्या मुलाला खांद्याला हात लावून, आवडता खाऊ दाखवून बहुतेक वेळा बाहेर काढता येते, फिटमधल्या मुलाला येत नाही. शंका आली की मोबाइलवर व्हिडिओ काढा. मेंदूतज्ज्ञाला तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ जास्त सांगतो.

उलटी बाजूही सांगितली पाहिजे. ऑटिझम असलेल्या कित्येकांचा ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, कधीही फिट न येता थोडा बिघडलेला दिसतो. फक्त आलेखावर विसंबून वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या घेऊ नयेत. आणि लेव्हेटिरॅसिटॅमसारख्या काही गोळ्यांनी काही जणांची चिडचिड खूप वाढते. गोळी सुरू झाल्यावर मूल बदलले असे वाटले तर डॉक्टरांना लगेच सांगा, पर्यायी औषधे आहेत. स्वतःच्या मनाने बंद मात्र कधीही करू नका, एकदम थांबवल्याने फिटवर फिट येऊ शकते.

फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. नाकात मारायचा मिडाझोलॅमचा फवारा घरी ठेवावा का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

मुलाच्या अंगावर पानाच्या आकाराचे पांढरे डाग असतील तर तेही दाखवा. ट्युबरस स्क्लेरोसिस नावाच्या एका आनुवंशिक आजारात डाग, फिट आणि ऑटिझम एकत्र येतात. त्यात मूत्रपिंड आणि हृदयही तपासावे लागते.

झोप आणि मन

मूल झोपत नाही म्हणजे घर झोपत नाही. झोपेच्या तक्रारीत आधी पोट, लोह, घोरणे आणि फिट एवढे बघावे. टॉन्सिल वाढून रात्री श्वास अडणारे मूल दिवसभर चंचल असते, त्याला एडीएचडीचे लेबल लागण्याआधी घसा बघायला हवा. त्यानंतर ठरलेली वेळ, ठरलेला क्रम, अंधार, आणि झोपण्याआधी पडदा बंद. ठरलेला क्रम ही तर या मुलांची आवडती गोष्ट, तिचा उपयोग करून घ्या. एवढ्याने भागले नाही तर मेलाटोनिन बऱ्याच मुलांना उपयोगी पडते, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

चिंतेचा आजार ओळखायला सर्वांत अवघड. ऑटिस्टिक मुलगा ‘मला भीती वाटते’ असे म्हणत नाही. तो तोच प्रश्न चाळीस वेळा विचारतो, शाळेचा शर्ट घालायला नकार देतो, वस्तू आणखी कडक ओळीत लावू लागतो. आपण म्हणतो ऑटिझम वाढला. वाढलेली असते ती भीती. वर्गशिक्षिका बदलल्या असतील, शेजारी बांधकाम सुरू झाले असेल, कुणी त्रास देत असेल. हा शेवटचा प्रश्न टाळू नका. या मुलांना छळ आणि लैंगिक अत्याचार दोन्हींचा धोका जास्त असतो, आणि ती सांगू शकत नाहीत हे त्रास देणाऱ्याला माहीत असते.

मुली आणि स्त्रियांबद्दल स्वतंत्र लेख लिहायला हवा. निदान झालेल्यांत मुलगे तीन-चार पटींनी जास्त, पण त्याचे एक कारण असे की मुली बघून बघून इतरांसारखे वागायला शिकतात आणि त्या ओढाताणीत थकतात. पंचविशी-तिशीत नैराश्य, चिंता, खाण्याचे विकार अशा तीन-चार चिठ्ठ्या घेऊन येणारी, बुद्धिमान, एकलकोंडी, गर्दीत अस्वस्थ होणारी मुलगी बघितली की मी तिच्या लहानपणाबद्दल विचारते. बुद्धी चांगली असलेल्या ऑटिस्टिक व्यक्तींत आत्महत्येचा धोका मोठा आहे. ‘एवढं शिकलाय, नोकरी आहे, आता काय होणार’ असे समजू नका. असे विचार कानावर आले तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

आणखी एक गोष्ट, जी पालकांना तर सोडाच, अनेक डॉक्टरांनाही लवकर आठवत नाही. पौगंडावस्थेत किंवा त्यानंतर एखादा मुलगा हळूहळू मंदावतो. दारात पाय टाकण्याआधी थबकतो, घास हातात धरून दहा मिनिटे बसतो, बोलणे कमी होते, एकाच स्थितीत गोठतो. ‘मागे गेला’, ‘आळशी झाला’ असे म्हटले जाते. हा कॅटॅटोनिया असू शकतो. त्यावर उपचार आहेत, आणि उशीर झाला तर खाणे-पिणे थांबून जीवावर बेतते. असे दिसले तर मानसोपचारतज्ज्ञाची पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट घेऊ नका, त्याच आठवड्यात जा.

तीव्र चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन आणि अॅरिपिप्रॅझोल ही दोन औषधे वापरली जातात. योग्य ठिकाणी ती उपयोगी आहेत. पण त्यांनी, विशेषतः रिस्पेरिडोनने, भूक आणि वजन वाढते, साखर वाढू शकते. सुरू करताना वजन, कंबर, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल यांची नोंद असावी आणि ठरावीक काळाने ती परत तपासावी. तुमच्या फाईलमध्ये ही नोंद नसेल तर मागा. संकोच करू नका.

पैसा कुठे जातो

ज्यांनी शेत किंवा दागिने विकून स्टेम सेलची इंजेक्शने घेतली अशी कुटुंबे मी बघितली आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही. तरी जाहिराती दिसतात. शरीरातले ‘जड धातू’ काढणारे चिलेशन याहून वाईट, २००५ साली अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाचा त्यात जीव गेला. आई-वडिलांना मी दोष देत नाही. ‘बरा होईल’ असे म्हणणारा एकच माणूस भेटला तर त्याच्या दारात आपणही उभे राहिलो असतो. पण ज्या मुलाच्या स्टेम सेलवर आठ लाख गेले, त्याची ऐकण्याची तपासणी झालेलीच नाही, हे बघितले की त्रास होतो. बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची बेरा किंवा तत्सम श्रवणतपासणी व्हायलाच हवी, ‘टीव्हीचा आवाज ऐकतो की’ ही तपासणी नव्हे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतही लहान मुलांची विचारणा करा.

कागदपत्रांचेही बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि त्यात ओपीडीचा खर्च व थेरपीही येते. लेबल लागेल म्हणून कार्ड न काढणारे पालक मला भेटतात. लेबल शेजाऱ्यांनी केव्हाच लावलेले असते, कार्डाने निदान विमा तरी मिळतो.

डॉक्टरकडे जाताना

एका कागदावर मराठीत लिहून न्या: हा बोलतो का, दुखले की काय करतो, कशाला घाबरतो, कशाने शांत होतो, कुठली औषधे किती चालू आहेत, शेवटची फिट कधी आली. फोन करून पहिली किंवा शेवटची वेळ मागा. तासभर गजबजलेल्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली बसल्यावर कुठल्याही तपासणीचा निकाल बिघडतो. रक्तदाबाचा पट्टा घरी आठवडाभर खेळायला दिला तर दवाखान्यात तो परका वाटत नाही. तिशीपुढच्या ऑटिस्टिक व्यक्तीचे वजन, रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासायलाच हवी, ती तक्रार करत नाही म्हणून टाळायची नाही.

रक्त काढायचे असेल तर त्वचा बधिर करणारे मलम मिळते, साधारण तासभर आधी लावावे लागते. आणि दातांसाठी भूल द्यायची ठरलीच, तर दंतवैद्य आणि भूलतज्ज्ञ दोघांना आदल्या दिवशी सांगून ठेवा की त्याच वेळी रक्ताचे नमुने घ्या, कान बघा, हमखास भांडण होणारी नखेही कापून घ्या. फिजिशियनकडून तपासण्यांची यादी आधीच लिहून घेतली तर सगळे एका भुलीत होते.